काचेवरची बोट

महायुद्धाच्या काळातली इंग्रजी मासिकं जमवण्याचा मला नाद होता. घाटकोपरच्या रद्दीवाल्यांकडे ती किलोवर मिळत. आतला मजकूर मी क्वचितच वाचायचो, जीव मुखपृष्ठांवर. रणगाडे, पॅराशूट, पेटलेली विमानं, सगळं हाताने रंगवलेलं. आई म्हणायची, "दुसऱ्यांची मढी कशाला आणतोस रे घरात?" मी तिला कलेविषयी व्याख्यान द्यायचो. व्याख्यान देताना मी फार हुशार दिसतो, असा माझा तेव्हा समज होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि ब्लॅकआउट आला. खिडक्यांना लावायचा काळा कागद बाजारातून नाहीसा झाला. चाळीतले लोक वर्तमानपत्रं चिकटवत होते. मी मात्र ज्या अंकांच्या माझ्याकडे दोन-दोन प्रती होत्या त्यांची मुखपृष्ठं फाडली, मैद्याची खळ केली आणि काचांवर थरावर थर चढवले. सगळ्यात वरचा थर, चित्र गॅलरीकडे करून, काचेच्या बाहेरून लावला. आतून लावला असता तर ती कला फक्त ढेकणांनी पाहिली असती!

मधल्या काचेवर बुडती युद्धनौका आली. काळं पाणी, तेलाच्या ज्वाळा आणि पाण्यात हात वर केलेले खलाशी. रंगसंगती झकास होती.

शेजारच्या मालवणी काकींचा एकुलता एक मुलगा नौदलात बोटीवर होता, हे मला ठाऊक होतं. खळ लावताना ते डोक्यात आलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी काकी तांदूळ निवडायला नेहमीसारख्या गॅलरीत बसल्या. सूप मांडीवर, नजर काचेवर. मी कामावर निघालो तशा म्हणाल्या, "खाली काय लिवलाहा रे?"

खाली त्या बोटीचं नाव होतं आणि 'अखेरचा क्षण'.

"सगळ्यांना वाचवलं, असं लिहिलंय," मी म्हणालो. "दुसरी बोट येते ना काकी, पाण्यातून काढतात."

"थंड पाण्यातसून पण?"

"पण म्हणजे काय! घोंगडी देतात, चहा देतात."

त्या हसल्या. मग रोज विचारू लागल्या आणि मी रोज थोडं थोडं वाढवत गेलो. दोरी, शिडी, डॉक्टर. कागद खरवडून टाकावा असं मनात यायचं. पण काकींना त्याचा धीर वाटत होता, आणि मला माझ्या थापांचा.

मग एका सकाळी नौदलाचे दोघे आले. काकींच्या दाराशी टोप्या काढून उभे राहिले. "माताजी, जहाज डूब गया. आपका बेटा लापता है." गॅलरी भरली. आई पुढे झाली, काकींच्या पाठीवर हात ठेवला.

काकी रडल्या नाहीत. गर्दीत त्यांनी मला शोधलं, मनगट धरून त्या दोघांपुढे ओढत नेलं.

"ह्यांका ठावक नाय वाटता," त्या म्हणाल्या. "तू सांग रे. पाण्यातसून काढतत म्हणान सांग."

दोघेही माझ्याकडे बघत होते. काकींनी मनगट सोडलं नव्हतं.