च्वांग मिस्त्रींची शेवटची नाव

च्वांग मिस्त्रींना आम्ही विद्यार्थी म्हणजे लाकडाला लागलेली वाळवी वाटायचो. तसं ते तोंडावर म्हणायचेही. चीनमधल्या च्वानचौच्या खाडीच्या या काठावर लाकडी नावा बांधणारे तेवढेच उरले होते, म्हणून आमच्या शाळेच्या लू बाईंनी आम्हाला आठवडाभर त्यांच्याकडे वारसा टिपायला धाडलं होतं.

"लिहा," ते म्हणायचे, "मिस्त्री जिवंत आहे. दात सहा आहेत." माझी वर्गमैत्रीण मिनयी ते खरंच लिहायची.

मिस्त्रींचं वय चौऱ्याहत्तर, नजर अधू. नाव हाकणाऱ्या श्वे तांडेलासाठी बांधलेली ही मासेमारीची नाव त्यांची शेवटची. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन लाकडी डोळे ठोकून त्यांवर लाल फडकं बांधलेलं होतं. ते भरतीला तांडेलानंच सोडायचं, नावेनं पहिल्यांदा पाणीच पाहायला हवं. मग डोळे देणाऱ्या मिस्त्रीचं नाव पुकारायचं. फळ्या कुणी का जोडेनात, नाव त्याची.

हा नियम मीच वहीत उतरवला होता, तोही सुवाच्य अक्षरात. तरी गुरुवारी दुपारी मिस्त्री जेवून आडवे झाले तेव्हा डोळ्यांचं माप घ्यायला मी फडकं वर केलं. फोटोही काढला. उजेड छान होता.

मागून आवाज आला, "काय पाहिलं तिनं?"

"कुणी?"

"नावेनं! समोर काय होतं?"

"भिंत... आणि मी."

"म्हणजे काहीच नाही," म्हणत मिस्त्री खाली बसले.

"कुणाला कळणार नाही, मिस्त्री."

"मला कळलंय ना, गाढवा."

संध्याकाळी तांडेल आला. मिस्त्रींनी आपणहून सांगितलं, "डोळे उघडे पडले. माझ्या हातून."

मी तोंड उघडलं. "तू लिही!" ते माझ्यावर खेकसले. "बोलायला कुणी सांगितलं?"

तांडेलानं फडक्याची गाठ चाचपून पाहिली. "आबा, हिच्यावर माझी तीन माणसं जाणार. त्यांच्या बायकांना काय सांगू? नवे डोळे ठोकावे लागतील. आणि ज्याच्या हातून उघडे पडले, त्याच्या हातचे चालत नाहीत. हे तुम्हीच शिकवलंय मला."

"चुकीचं शिकवलं नाही," मिस्त्री म्हणाले.

तांडेल गेल्यावर मी विचारलं, "माझं नाव सांगितलं असतं तर नवे डोळे तुम्हीच ठोकले असते ना?"

"फडकं राखायचं काम माझं होतं. तू झोपला नव्हतास, मी झोपलो होतो."

शनिवारी पलीकडच्या काठावरून खो मिस्त्री आला. चाळिशीचा, भला माणूस. ठोकताना सारखी माफी मागत होता. च्वांग मिस्त्रींनी त्याला खिळ्यांच्या जागा बोटानं चाचपून दाखवल्या.

भरतीला नाव सरकली. तांडेलानं पुकारलं, "डोळे दिले खो मिस्त्रींनी!"

खांदा लावणाऱ्यांनी ओ दिली. त्यांच्यात मागे उभ्या च्वांग मिस्त्रींनीही दिली, इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच.

मग ते छपरात येऊन रंधे पुसू लागले. मी एक उचलून द्यायला गेलो.

"ठेव," ते म्हणाले. वर न बघता.