शेजारणीच्या तोंडातला पासवर्ड

अंजूचा नर्सिंगला नंबर लागला होता, आणि तो नंबर निर्मलाबाईंच्या तोंडात अडकून बसला होता. दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळी साडेपाचच्या आत 'ही जागा मला मंजूर आहे' असं ऑनलाइन कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. हे असं कसं झालं ते सांगायचं तर आधी आमच्या शेजारच्या शालीकरामभाऊंबद्दल सांगावं लागेल, कारण ही सगळी व्यवस्था त्यांच्याच डोक्यातून निघाली होती.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, फाट्यावरून आत. गावाचा स्वतःचा तलाव आहे आणि गावाचं धान त्याच पाण्यावर पिकतं. शालीकरामभाऊ वीस वर्षं गावाचे पाणकर होते. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, किती वेळ ठेवायचं, हे त्यांच्या हातात. पावणेदोनशे बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पण कुठे लिहिलेलं काही नाही. एकदा तलावाच्या बांधावरून पाय घसरला, गुडघा गेला, आणि चिखलातलं फिरणं बंद झालं. मुलगा शुभम नागपूरला नोकरीला. त्याने घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर लावून दिला आणि दारावर पाटी: 'सर्व ऑनलाइन कामे होतील.' भाऊंनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'घाई करू नये.'

पाटी खरी होती. भाऊ एका बोटाने टाइप करायचे, रोवणीत एकेक रोप लावावं तसं, वाकून आणि जपून. आणि कॉम्प्युटरशी बोलायचे. कोणाचंही खातं उघडलं की ब्राउझर वरच्या कोपऱ्यातून विचारायचा, पासवर्ड सेव्ह करू का? भाऊ चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे.

"काऊन विचारून राहिला गा तू? तुले कायले पाहिजे लोकाचं?"

आणि 'नाही' वर टिचकी. दिवसातून वीस वेळा तो विचारायचा, वीस वेळा भाऊ त्याला झापायचे. मी भिंतीपलीकडे भाजी निवडताना ऐकत असे. मला आधी वाटायचं गिऱ्हाइकाशी भांडण चाललंय.

पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवले होते. वही सुतळीने टेबलाला बांधलेली. लोक नंबर लागेपर्यंत बसायचे आणि दुसरं वाचायला काही नसलं की तीच वही वाचायचे. त्यातून असं उघड झालं की पिंटूच्या पीकविम्याचा पासवर्ड दिव्याच्या नावाने आहे. दिव्या म्हणजे खालच्या आळीतली. दोन्ही घरची माणसं वही बघून गेली. वैशाखात लग्न लागलं, मीच अक्षता टाकल्या. पण वही बंद झाली.

मग शुभमने फोनवर समजावलं, "बाबा, ब्राउझरमधीच सेव्ह करा ना. आपोआप भरते तो." भाऊंनी मन घट्ट करून तीन दिवस 'हो' म्हणून पाहिलं. चौथ्या दिवशी मी रेशनकार्डाचं काम घेऊन गेले, भाऊंनी पहिलं अक्षर दाबलं, आणि आपोआप आमच्या आळीतल्या केवळरामचं खातं उघडलं. त्यात त्याची जन्मतारीख. सहा वर्षं झाली, केवळराम पन्नासचाच होता. पडद्यावर सत्तावन्नचा निघाला. तो मागेच उभा होता. महिनाभर त्याने दुकानात पाय ठेवला नाही. भाऊंनी सेव्ह केलेलं सगळं एकेक करून पुसलं आणि म्हणाले, "हा तं वहीपेक्षा बेकार आहे, वहिनी. वही निदान गप तं बसते."

आणि मग त्यांना सुचलं ते पाणकराचं.

पाण्याच्या बाबतीत त्यांचा एक अनुभव होता. स्वतःची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, माणूस विसरतो. झोपून राहतो, बाजाराला जातो. पण आपल्या वरच्या शेतवाल्याची बारी कधी संपते हे कोणी विसरत नाही, कारण त्यानंतर आपली. त्यामुळे ते बारी ज्याची त्याला सांगतच नसत, त्याच्या शेजाऱ्याला सांगत. वीस वर्षांत एकही बारी चुकली नाही.

तेच त्यांनी पासवर्डला लावलं. तुमचा पासवर्ड तुम्हाला माहीत नाही. तो तुमच्या खालच्या शेतवाल्या घरात पाठ. भाऊ पासवर्ड तयार करणार, चिठ्ठीवर लिहून त्या घरी देणार, तिथलं माणूस त्यांच्यासमोर पाठ म्हणून दाखवणार, आणि चिठ्ठी चुलीत. स्वतः भाऊ लक्षात ठेवत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाणकरानं पाणी सोडाचं असते, वहिनी. साठवून ठेवाचं नसते."

माझा पासवर्ड केवळरामच्या आईकडे होता. म्हातारी कानाने अधू. विचारायला गेलं की ती आळीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची. पण बाकी सगळं दोन वर्षं नीट चाललं, हे मला मान्य केलं पाहिजे.

आता अंजू. ही शकुंतलाबाईंची मुलगी, बारावीला तालुक्यात चांगली आली. वडील सुकराम गवंडीकामाला हैदराबादकडे. जूनमध्ये भाऊंच्या दुकानात नर्सिंगचा फॉर्म भरला. अंजू हसत होती, "काका, माझा पासवर्ड मलेच नाही?" भाऊ म्हणाले, "तुले दिला तं तू मैत्रिणीले सांगशीन." पासवर्ड गेला खालच्या शेतवाल्यांकडे, म्हणजे निर्मलाबाईंकडे.

भाऊंनी एकच गोष्ट बघितली नाही. त्या दोन घरांमध्ये संक्रांतीपासून अबोला होता. निर्मलाबाईंनी कोहळ्याच्या वड्या घालून अंगणात खाटेवर वाळत ठेवल्या होत्या, आणि शकुंतलाबाईंची बकरी दोर तोडून आली आणि त्या सगळ्या खाऊन गेली. एक ठेवली नाही. शकुंतलाबाई म्हणाल्या, मुक्या जनावराला काय कळतं. निर्मलाबाई म्हणाल्या, जनावराला नाही कळत, मालकिणीला कळायला पाहिजे. तेव्हापासून विहिरीवरसुद्धा एक गेली की दुसरी परत फिरायची.

तर यादी लागली, अंजूचं नाव आलं, आणि पासवर्डावाचून खातं उघडेना. 'पासवर्ड विसरलात का' वर टिचकी मारून पाहिली. ओटीपी गेला सुकरामच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर रिचार्ज न केल्याने कधीचाच बंद. हेल्पलाइनचा फोन लागेना. भाऊ लंगडत निर्मलाबाईंकडे गेले आणि तसेच लंगडत परत आले.

"नाही म्हणते. म्हणते, जिच्या घरचा आहे तिनं येऊन मागावं. तोंडानं मागावं."

शकुंतलाबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. उठल्याच नाहीत. "मी नाही जात. भांडण बकरीचं आहे. बकरीले पाठवतो मी."

"माय!" अंजू रडकुंडीला आली. "तीन तास राहिले व!"

"अंजूले जाऊ द्या," भाऊ म्हणाले.

अंजू गेली. निर्मलाबाईंनी तिला बसवलं, गूळपाणी दिलं, केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, बाळा, तुझ्यावर माझा राग नाही, पण माय येईल तवाच. अंजू परत आली तेव्हा तीन वाजून गेले होते. भाऊ खुर्चीत बसले होते, आणि वीस वर्षांत कधी दिसले नव्हते तसे दिसत होते. मला म्हणाले, "वहिनी, माझ्या हातून पोरीची बारी चुकली."

मला त्यांचं तोंड बघवलं नाही. मी शकुंतलाबाईंच्या शेजारी पायरीवर बसले. मला समजूत घालता येत नाही, मी सरळ बोलते. म्हटलं, "बाई, उद्या अंजू पांढऱ्या कपड्यात दवाखान्यात उभी राहिलेली बघायची आहे, की या पायरीवर?"

मी उठून गावदेवी मातामायच्या पारापर्यंत गेले, हात जोडले. मागितलं एवढंच, की दोघींपैकी एकीला तरी सुचू दे. कुठली ते तिच्यावर सोडलं.

परत येते तो शकुंतलाबाई पदर खोचून निघाल्या होत्या. मी मागे मागे गेले, अंजू माझ्या मागे. निर्मलाबाईंच्या फाटकाशी, जिथे ती खाट असते नेमकं तिथे, त्या उभ्या राहिल्या. वर आभाळाकडे बघून म्हणाल्या,

"घरात कोणी आहे का?"

आतून आवाज आला, "आहो. वड्या नाही आहेत."

मी डोळे मिटले. पण शकुंतलाबाई फिरल्या नाहीत. "यंदा मी कोहळा लावला आहे. मांडवावर चढला. वड्या घालीन तवा अर्ध्या तुमच्या."

"अर्ध्या काऊन? खाल्ल्या तं पुऱ्या होत्या."

"बरं, पुऱ्या घ्या. बकरीही घ्या."

"बकरी नको," निर्मलाबाई दारात येऊन म्हणाल्या. "तिचं पोट कोण भरीन?"

कोण आधी हसलं ते मला सांगता येणार नाही. दोघीही आपण नाही म्हणतात. घड्याळात सव्वाचार झाले होते. निर्मलाबाईंनी चपला घातल्या आणि दुकानाकडे निघाल्या, आम्ही मागून पळत.

दुकानात तोवर अर्धं गाव जमलं होतं. निर्मलाबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. भाऊंनाही, त्यांच्याच दुकानातून. "तुम्हीच म्हटलं होतं ना, कोणासमोर बोलाचं नाही? मंग निघा." भाऊ बिचारे निघाले. आत फक्त त्या आणि अंजू.

नंतर अंजूने सांगितलं. निर्मलाबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि आरतीसारखा पासवर्ड सुरू केला: मोठा ए, लहान एन, मग हे, मग ते, मग जिलेबी (ते गोल फिरलेलं चिन्ह), मग आकडे. अंजू मध्येच "काकी, हळू" म्हणाली की त्यांचं तुटायचं, आणि पुन्हा मोठ्या एपासून. पाचव्यांदा अंजूने सगळा आधी कागदावर उतरवला, मग भरला. खातं उघडलं. पाच वाजता दार उघडलं तेव्हा मंजुरीचा कागद प्रिंटरमधून अर्धा बाहेर आला होता.

शकुंतलाबाईंनी कागद बघितला, मग निर्मलाबाईंकडे बघितलं. "पासवर्ड जूनमधला आहे. तुम्हाले एवढं कसं ध्यानात राहिलं?"

"विसरली असती तं? पोरीचा जीव अडकला होता त्यात. रोज सांजच्याला दिवा लावला की एक डाव म्हणून पाहत होती." मग पदर सावरत म्हणाल्या, "तुमच्याशी बोलत नव्हती म्हणून काय झालं?"

शकुंतलाबाईंनी मंजुरीचा कागद आधी निर्मलाबाईंच्याच हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंजू पेढे घेऊन दुकानात आली आणि सरळ भाऊंच्या खुर्चीवर बसली. "काका, तुमची रीत चांगली आहे, पण पाण्याची आहे. आता हे बंद."

तिने गावासाठी दोन वाटा केल्या. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याचा पासवर्ड त्याच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये सेव्ह, फोनला लॉक, आणि खात्यात आज चालू असलेला नंबर. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी 'गेस्ट', म्हणजे पाहुण्याच्या खिडकीतून काम करायचं. खिडकी बंद केली की मागे काही राहत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांकडे साधा फोन, त्यांचे पासवर्ड भाऊंच्या ब्राउझरमध्ये, पण त्याला एक मुख्य पासवर्ड लावलेला. तो टाकल्याशिवाय ब्राउझर कोणाचंच काही सांगणार नाही.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अना तो मोठा पासवर्ड मी विसरलो तं?"

"कागदावर लिहा, पेटीत ठेवा, कुलूप लावा."

"पेटीची किल्ली कुठं ठेवू?"

अंजूने कपाळाला हात लावला. भाऊंनी कागद लिहिला, पेटीतही ठेवला. पण त्याच संध्याकाळी कुंपणाशी आले आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझी बांधी त्यांच्या खालची आहे. मी पाठ केली, म्हणून दाखवली, आणि चुलीत टाकली. अंजूला आम्ही दोघांनी हे सांगितलेलं नाही.

तेव्हापासून सकाळी दिवा लावला, देवाचं नाव घेतलं, की मी तो पासवर्ड एकदा मनात म्हणते. देव रागावत असेल असं वाटत नाही. गावातल्या एकोणीस म्हाताऱ्यांचं सगळं त्यात आहे.

अडचण एकच झाली आहे. परवा भाऊंच्या कोंबड्या कुंपणातून शिरल्या आणि माझा सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा उकरून ठेवला. दोन दिवसांत भाजीत घालण्याजोगा झाला होता. मी कुंपणाशी गेले. भाऊ पलीकडे उभेच होते, घाबरलेले.

"वहिनी, ध्यानात आहे ना?" ते म्हणाले.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं, आणि म्हटलं, "आहे."