संध्याकाळी सहाचा रिपोर्ट

लातूरचं ते क्लासचं प्रकरण आठवलं की आजही माझा हात आपोआप मिशीवर जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कॉम्प्युटरच्या रिपोर्टवर चोर धरला तो हा एकच. नाव कुणाचंच सांगणार नाही. माणसं अजून त्याच शहरात राहतात आणि मला भाजी आणायला त्याच बाजारात जावं लागतं.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली पोरं तोवर संसाराला लागली होती. लातुरात चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स आणि प्रत्येक फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एके सकाळी नांदेडहून फोन आला. तिथे नोकरीत असताना ओळखीचे झालेले एक झेरॉक्सवाले चाचा बोलत होते.

"साब, लातूरच्या बड्या क्लासची निवड परीक्षा झाली ना इतवारी? त्याचा पर्चा माझ्याकडं शनवारीच झेरॉक्सला आलता."

"तुम्हाला कसं कळलं तोच म्हणून?"

"माझी भाची बसली हुती परीक्षेला. तिच्या हातात बघितला की! हाव, तोच पर्चा. आणणाऱ्यानं हेल्मेट काढलंच न्हाई, साब. दुकानात कुणी हेल्मेट घालून उभा राहतो का?"

ही निवड परीक्षा दोन फेऱ्यांची. दोन्हीत वर येणाऱ्या पोरांना क्लास दोन वर्षं फुकट शिकवणार, वसतिगृहासकट. गरिबाघरच्या पोरांसाठी तो डॉक्टर होण्याचा एकच रस्ता होता. पहिल्या फेरीचा पेपर फुटला होता आणि दुसरी फेरी येत्या रविवारी होती.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतो न घेतो तोच त्या क्लासचे संचालक स्वतः ठाण्यात हजर. पेपर फुटल्याची कुणकुण त्यांनाही लागली होती. शिवाय आरोपी त्यांनी खिशातच घालून आणला होता.

"साहेब, आमची कॉम्प्युटर ऑपरेटर बाई. सगळे पेपर ज्या सर्व्हरवर साठवतो तो तिच्या ताब्यात. पेपर उघडला तो तिच्याच पासवर्डने. आणि तिची मुलगी पहिल्या फेरीत वर आली! आणखी काय पुरावा पाहिजे? स्टाफसमोर विचारलं तर रडायला लागली. आजच आत टाका."

"स्टाफसमोर काय विचारलंत?"

"पेपर कितीला विकला म्हणून."

मी त्यांना चहा पाजला, फिर्याद लिहून घेतली आणि संशयितांचा रकाना कोराच ठेवला. फिर्यादी जेव्हा आरोपी तयार करून आणतो, तेव्हा मी आधी फिर्यादीचंच घर तपासतो. ही माझी जुनी खोड आहे आणि तिनं मला कधी दगा दिलेला नाही.

त्या ऑपरेटर ताईंना दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. ताई मूळच्या किल्लारीच्या. भूकंपात आईवडील गेले, मामानं वाढवलं, कॉम्प्युटर शिकून पोटाला लागल्या. नवरा नाही. एक मुलगी, अकरावीला जाणारी. चोरीचा शिक्का बसला तर आईची नोकरी आणि लेकीची जागा, दोन्ही एका दमात जाणार होत्या.

"साहेब, माझा पासवर्ड हाय खरा," त्या म्हणाल्या, "पण त्याच्यावर अख्खं ऑफिस काम करून राहिलंय. कुणी बी येतं, ताई जरा उघडून द्या म्हणतं. मी जेवायला गेले तर यांची कामं अडतात, म्हणून संचालकांनीच तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लावला. माझी पोरगी चोरून वर आली म्हणतात... ती पहाटे उठती हो साहेब! तिला अजून मी सांगितलंच न्हाई."

महिला शिपायानं तोंड फिरवून डोळे पुसले. पण न्यायालय पुराव्यावर चालतं, डोळ्यांतल्या पाण्यावर नाही.

मी क्लासच्या ऑफिसात गेलो. कॅलेंडरवर, चतुर्थीच्या चौकटीशेजारी, पासवर्ड ठळक लिहिलेला. म्हणजे दारोदार किल्ली वाटायची आणि चोरी झाली की कुलपाला धरायचं! संचालकांनी सर्व्हरच्या रिपोर्टांचा गठ्ठा पुढे केला. रोज संध्याकाळी सहाला सर्व्हर आपोआप एक रिपोर्ट काढायचा आणि तो सगळ्या सरांना ईमेलनं जायचा. त्या वेळी पेपरांच्या फोल्डरमध्ये काय आहे, किती जागा भरली, एवढंच त्यात. सगळं रोज ठीकठाक. पेपर उघडल्याची नोंद सर्व्हरमध्ये वेगळी असायची, तीत नाव ताईंचं दिसायचं, पण कोणत्या टेबलावरून ते नोंदवायला सर्व्हरला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे रात्रगस्तीचा शिपाई रोज एकाच वेळी एकाच कोपऱ्यावर सही करायला लागला, की त्या गल्लीतले चोर घड्याळ लावून झोपतात. गस्त गेली की उठतात. मी कुठल्याही ठाण्यात गेलो की पहिलं काम गस्तीची वेळ बदलायचं करायचो. इथेही तेच. सहाची गस्त गेली की कुणीतरी त्याच फोल्डरमध्ये नक्कल काढत असणार आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या आत पुसत असणार.

सर्व्हरची देखभाल करणारा इंजिनिअर बोलावून घेतला. त्याला विचारलं, "बाबा, या यंत्राला वेगळा रिपोर्ट मागता येतो का?"

"येतो की साहेब. तुम्हाला काय पाहिजे ते निवडायचं, वेळ ठरवून द्यायची. ते स्वतःच पाठवतं."

"मग लिहून घे. फक्त पेपरांचं फोल्डर. कुणाच्या नावानं उघडलं, कोणत्या कॉम्प्युटरवरून, नक्कल काढली का. दर पाव तासाला, फक्त माझ्या मोबाईलवर. आणि सहाचा रिपोर्ट जसाच्या तसा चालू ठेव. त्याला हात लावायचा नाही."

संचालक कुरकुरले. आमचे सर लोक घरचेच आहेत वगैरे. मी म्हटलं, "ही गोष्ट आपल्या तिघांत राहिली पाहिजे. चौथ्याला कळली तर फुटलेल्या पेपराची फिर्याद मी त्या कॅलेंडरपायी तुमच्यावरच नोंदवीन."

शुक्रवारी नेहमीप्रमाणे दुसऱ्या फेरीचे पेपर सर्व्हरवर चढवले. ते खोटे होते. खरे संचालकांच्या घरी कुलपात ठेवले होते. आणि दुपारपासून ताईंना मी पुरवणी जबाबासाठी ठाण्यात बसवलं, आल्याची वेळ डायरीत नोंदवली. संचालकांनाही समोरच्या खुर्चीत बसवलं. ते ताईंकडे बघत नव्हते, ताई जमिनीकडे बघत होत्या. महिला शिपायानं तिघांना पोहे आणून दिले.

सहाचा रिपोर्ट आला. सगळं ठीकठाक. त्यानंतर थोड्याच वेळात माझा मोबाईल वाजला. मी वाचलं आणि तो संचालकांच्या हातात दिला.

"मोठ्यानं वाचा."

"नाव... ताईंचं. कॉम्प्युटर, दुसरा मजला, केबिन..." त्यांनी मान वळवून ताईंकडे बघितलं. "पण ताई तर इथंच आहेत!"

"हाय ना मी!" ताई ओरडल्याच. "साहेब, मी हितंच हाय!" इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा मान वर केली होती.

त्या केबिनमध्ये फिजिक्सचे सर बसायचे. शहरातलं मोठं नाव. दोन पंच घेऊन गेलो तेव्हा पेन ड्राइव्ह अजून कॉम्प्युटरलाच होता, त्यात तिन्ही विषयांचे पेपर. सर फाडफाड इंग्रजीत सुरू झाले. प्रश्नांत चुका तपासतोय, हा माझा अपमान आहे, मी वरपर्यंत जाईन. मी त्यांना बोलू दिलं. भरलेलं पोतं आपोआप सांडतं, ओढायला जाऊ नये. मग विचारलं, "सर, तुम्ही फिजिक्सचे. मग केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या चुका कधीपासून तपासायला लागलात?"

सरांची इंग्रजी तिथेच आटली. त्यांनी मराठीत पाणी मागितलं.

त्यांना पैसे नको होते. त्यांना नांदेडला स्वतःचा क्लास काढायचा होता आणि नव्या क्लासला गुणवंत आणायचे कुठून? म्हणून हेल्मेटआडून झेरॉक्स काढून ओळखीच्या पाच पोरांना पेपर पुरवायचे, लातूरच्या परीक्षेत पहिले आणायचे आणि माझे विद्यार्थी म्हणून स्वतःच्या फ्लेक्सवर झळकवायचे. नांदेडच्या माझ्या सहकाऱ्यानं तिथल्या छपाईवाल्याकडे पंचनामा केला, तर फ्लेक्स छापून तयार! पाचही पोरांचे फोटो, "निवड परीक्षेतील घवघवीत यश", आणि वर सर हात जोडून. दुसरी फेरी व्हायची होती हो अजून! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मी मुद्देमालात जमा केलं. ठाण्यात तो फ्लेक्स उलगडला तेव्हा आमचा जबाब लिहिणारा रायटरसुद्धा पोट धरून हसला.

पहिली फेरी रद्द झाली. रविवारी सगळ्यांची परीक्षा नव्या पेपरावर झाली. ताईंची लेक पुन्हा वर आली, आधीपेक्षाही वर. मला खबर मिळाली तेव्हा मी परेडमध्ये होतो आणि शिपायांसमोर हसू आवरता आवरेना.

संचालक पेढे घेऊन ठाण्यात आले. ताईंना बोलावून म्हणाले, "झालं गेलं विसरा. तुमच्या मुलीचा मोठा फोटो चौकात लावतो, पगारही वाढवतो."

ताईंनी पेढा घेतला नाही. "सर, तुम्ही मला चोर कुठं म्हणालात?"

"ऑफिसात..."

"कुणासमोर?"

"स्टाफसमोर."

"मग त्या सगळ्यांना तिथंच गोळा करा. झाडूवाल्या मावशीपण हव्यात, त्या बी हुत्या. आन् माझ्या लेकीला बी बोलवते. फोटोचं मागून बघू."

संचालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चला, मी गाडी काढतो."

त्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर संचालक हात जोडून म्हणाले, "ताईंनी चोरी केली नव्हती. चूक माझी होती." पहिली टाळी मावशींनी वाजवली, मग हॉल नुसता दणाणला. लेक आईला जी बिलगली ती सोडायलाच तयार नव्हती.

आम्ही पोलीस आरोपीला चौकातून, गर्दीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नेतो. तो निर्दोष निघाला की मात्र सही घेऊन मागच्या दारानं घरी जायला सांगतो. त्या बाईनं मला शिकवलं की तपास आरोपी सापडला की संपत नाही. तिथून निवृत्त होईपर्यंत, ज्याच्यावर खोटा आळ आला त्याला मी स्वतः, गणवेशात, दिवसाउजेडी त्याच्या दारापर्यंत सोडायला जायचो. आणि गल्लीतले लोक बाहेर येईपर्यंत जीपचा हॉर्न वाजवत राहायचो.