टरबुजाच्या बियांचं मडकं

मे १९६४, दहाव्याची सकाळ. घरात हजर: मी, सासूबाई, नणंद. नदीवर: धाकटे दीर, भटजी, गावातली माणसं. दहावा माझ्या यजमानांचा.

कामं मी उठल्याउठल्या मनात लावून घेतली होती. सारवण, धुणं, नदीवरून परतणाऱ्यांच्या आंघोळीचं पाणी. रडू येत नव्हतं. भेटायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत, आणि मी त्यांना सतरंजी सरकवून देई.

घरामागे, न्हाणीचं पाणी वाहून जाई तिथे, हे दरवर्षी टरबुजं लावत. बी बोरी अरब गावाकडच्या एका तांड्यावरच्या म्हाताऱ्यानं दिलेलं. फळ लांबट, फिकट हिरवं, दोघांनी मिळून उचलावं लागे. वेलाला एकच फळ ठेवायचं, बाकीची लहान असतानाच खुडायची, आणि ठेवलेल्या फळाखाली तणसाची चुंबळ द्यायची. दीर दरवर्षी विचारत, "दादा, टरबूज होय का म्हशीचं वगार निजवलं इथं?"

"वगारच होय. चारा टाक त्याले," हे म्हणत.

फोड कुणालाही मिळे, पण बिया थाळीत टाकून जायचं. बी बाहेर गेलं की बाजारच्या टरबुजाशी भेसळ होते, असं त्यांचं म्हणणं. वाळलेलं बी राखेत मिसळून ते मडक्यात भरत, तोंड शेणानं लिंपत आणि मडकं चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवत. दुसरीकडे कुठेच ते बी नव्हतं.

दहाव्याला घरातली मातीची भांडी बाहेर काढून फोडतात आणि नवी आणतात. ते काम नणंदेनं घेतलं होतं. माठ, दुधाचं गाडगं, लोणच्याचा लहान डेरा, सगळं तिनं उकिरड्यावर नेऊन फोडलं. फुटल्याचे आवाज मला आत ऐकू येत होते. मी सारवत राहिले.

दुपारी दीर परतले. अंगावरचं ओलं धोतर तसंच. ओट्यावर बसून ते सासूबाईंना सांगू लागले, "माय, कावळा शिवेच ना. वरतं झाडावर बसून राह्यला. म्हटलं, वयनीले अंतर देत नाई. नाई आला. म्हटलं, वावर पाह्यतो. तरी नाई. मंग म्हटलं, दादा, तुह्या टरबुजाचं बी मोडू देत नाई. तसा खाली आला."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "बी त मडक्यात हाये. जपून ठेवजो."

नणंद दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी चुलीमागे जाऊन आले. कोपरा सारवलेला, स्वच्छ होता. मीच सारवला होता.

"मले काय मालूम?" नणंद म्हणाली. "मातीचं होतं. दहाव्याले मातीचं ठेवत असते का कोणी?"

"विचारलं काहून नाई व बाई?" सासूबाई.

"कोणाले विचारू? तुही सून त बोलूनच नाई राह्यली!"

ते खरं होतं. दीर उकिरड्यावर गेले, मागून आम्ही. राख वाऱ्यानं पसरली होती आणि तिच्यात शेजारच्या कोंबड्या होत्या. दिरांनी चप्पल फेकून मारली. मग ढिगाऱ्याशी बसून म्हणाले, "दादानंही पितळेच्या डब्यात ठेवाचं ना!" आणि हसता हसता रडायला लागले. मी त्यांच्याकडे पाहत होते. आपल्यालाही आता काहीतरी व्हायला हवं, एवढं मला कळत होतं.

वेलावर एकच फळ उरलं होतं. दुखवट्यात पाणी कुणी दिलं नव्हतं. पानं लोंबली होती. देठाजवळचा ताणा, वेलाचा वळलेला तंतू, अजून हिरवा, म्हणजे फळ कच्चं. त्या संध्याकाळपासून नणंदेनं विहिरीवरून घागरी आणून वेलाला घातल्या. ती सासरी जायची थांबली. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

ताणा वाळला तेव्हा फळ कापलं. नेहमीपेक्षा लहान निघालं. सगळ्यांनी बिया थाळीत टाकल्या. गोड होतं का, ते कुणी बोललं नाही. बहुतेक बिया पांढऱ्या, पोचट. काळ्या, भरलेल्या मूठभरसुद्धा नव्हत्या. त्या मी धुतल्या, सावलीत वाळवल्या, काचेच्या बाटलीत राखेसकट भरल्या आणि बाटलीवर साल लिहिलं. नणंद दुसऱ्या दिवशी गेली. जाताना बाटली उजेडात धरून पाहिली.

पुढच्या पौषात दिरांनी विचारलं, "वयनी, टरबुजाचे खड्डे करू का?" खड्डे हे स्वतः खणत, त्यांत गाळ आणि लेंडीखत भरत. किती खोल, ते मी कधी विचारलं नव्हतं. मी दिरांना म्हटलं, "राहू द्या, मी करीन." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच म्हटलं. बाटली तशीच राहिली.

असं बी चार-पाच वर्षं उगवतं, मग नाही. आता चौथं वर्ष चालू आहे. खत आणवलं आहे, गाळ आला आहे, फावडं भिंतीला लावून ठेवलं आहे. खड्डे खणायचे आहेत.