चावडीतला नांगर

यंदा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या गावात माझ्या शेजारणीवर अन्याय झाला. तिने स्वतःच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, नांगर धरला, म्हणून पंचांनी तो जप्त करून चावडीत नेला.

ही बाई कुणाशीही बोलताना आधी पदर ओढते, "मले काय समजते" म्हणते, आणि मग नेमके समजलेलेच बोलते. गावात वाटायला मी छापून आणलेली अशी पत्रके ती चुलीसाठी मागून नेते. "वाचता येत नाई, पण कागद मस्त जळते, बाप्पा," असे मला तोंडावर सांगते.

त्या आठवड्यात तिचा नवरा तापाने पडला होता, लावणीसाठी वाढवलेले पऱ्हे पिवळे पडू लागले होते, आणि चिखलणीला गावात एकही पुरुष मोकळा नव्हता.

त्या संध्याकाळी चावडीत गाव जमले तेव्हा पाटील म्हणाले, "बाईनं नांगर धरला का पाऊस पळते."

तिने पदर ओढला. "मले काय समजते, भाऊ. पण माह्या हाताले भेते, तो पाऊस धान कसा पिकवन?"

लोक हसले, तरी हात पंचांच्याच बाजूने वर झाले. मग तिने पावडा घेतला आणि सारी बांधी वाकून एकटीने खणली. पावड्याला कुणाचीच हरकत नव्हती. म्हणजे बाईने राबण्याचा विटाळ नाही, बैलांमागे ताठ चालण्याचा आहे. पुरुषांची सत्ता म्हणतात ती हीच.

नांगर अजून चावडीतच आहे. वाचणाऱ्या भावा, त्या दिवशी तुझाही हात वर होता. त्याच हाताने तो नांगर उचल आणि उद्या उजेडी तिच्या दारी नेऊन दे.