शेजारचा हिरा

हिऱ्याचा रंग समोरून पाहत नाहीत. समोरून चमक डोळ्यांना फसवते, म्हणून तो पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवतात. अंगठी दुरुस्तीला टाकायला गेलो होतो, तेव्हा पेढीवरच्या पारख्याच्या टेबलाशी हे कळलं.

माझ्या आधी सत्तरीच्या एक बाई होत्या. नवऱ्यामागे एकट्या राहत होत्या, आता घर आवरून मुलीकडे निघाल्या होत्या. त्यांच्या अंगठीतला हिरा काढून कागदावर ठेवला होता. तो विकायचा होता.

"पांढराशुभ्र आहे," त्या म्हणाल्या. "आमचे हे नेहमी सांगायचे."

पारख्याने शेजारी नमुन्याचा हिरा ठेवला. बाईंचा हिरा लगेच पिवळसर दिसू लागला.

"झाक आहे, मावशी. किंमत कमी येईल."

"चाळीस वर्षांत मला दिसली नाही ती."

"घरी शेजारी दुसरा नव्हता ना. एकट्या हिऱ्याचा रंग आम्हालाही सांगता येत नाही."

"माझे केससुद्धा ते शेवटपर्यंत काळेच म्हणायचे," बाई म्हणाल्या.

मी घरी एकटाच असतो. अलीकडे माझा स्वभाव कसा झाला आहे, हे मला नक्की ठाऊक नाही. ज्याच्याशी ताडून पाहावं, असं शेजारी कुणी नाही.

"तो तुमचा जरा उचला," बाई म्हणाल्या.

पारख्याने नमुना उचलला. कागदावर उरलेला हिरा हळूहळू पुन्हा पांढरा दिसू लागला. बाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"अंगठीत परत बसवून द्या," त्या म्हणाल्या.