ओल्या केसांवर तेल अन् वरून हेल्मेट

सकाळपासून घाबरलेलो आहे, म्हणून इथं तुमच्यापाशी लिहून राह्यलो.

आमच्या गावी इचोड्यात केस कापायला बसलो होतो. आमचा नेहमीचा कटिंगवाला शंकर मशीन चालवता चालवता थांबला. "गुरुजी, मागं फोडच फोड हायेत. एका जागी तर केसच नाई." त्यानं मोबाईलवर फोटो काढून दाखवला. लाल पुळ्या, अन् मधात रुपयाएवढी गुळगुळीत जागा. कॅन्सरचाच विचार मनात आला.

तसाच आदिलाबादला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "डोक्यातली मुरमं आहेत. तेल अन् घाम हेल्मेटखाली अडकतो, केसांची मुळं सुजतात."

उटनूरच्या शाळेत वेळेवर पोचायला मी रोज ओल्या केसांवर तेल लावून हेल्मेट घालतो. खाज आली की खाजवून वर आणखी तेल चोपडायचो.

बाईंनी औषधी शाम्पू अन् मलम दिलं, तेल बंद केलं, हेल्मेटचं अस्तर धुवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "खाजवून व्रण पडला तिथं बहुतेक केस येणार नाहीत. आता नख लावू नका."

तेव्हापासून मला माझ्याच हाताची भीती वाटते. हे लिहिता लिहिता तो दोनदा डोक्यामागं गेला, अन् मला कळलंसुद्धा नाही.

तुमचा हात आता कुठं हाय?